डेटाबेसला कृती शिकविणाऱ्या भाषा

वाराणसीत मणिकर्णिका घाटाच्या उत्तरेस लागूनच शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी, मूळच्या कागलच्या घाटगे घराण्यातील बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो बांधविला. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा स्तंभमंडपही त्यांनीच १८२८ मध्ये उभारला होता. राज्यकर्ती म्हणून बायजाबाईंची जितकी ख्याती आहे, तितकीच सावकारी व्यवहारात मुरलेली स्त्री म्हणूनही आहे. १८२७ मध्ये दौलतरावांचे निधन झाल्यानंतर खुद्द ईस्ट इंडिया कंपनी त्यांच्याकडे कर्ज मागत होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्या काळी दूरच्या गावी पैसा पोचविण्याचे साधन म्हणजे हुंडी. हुंडी पेढीवर आली की मुनीम प्रथम खूण पटवी, रक्कम अंकी व अक्षरी ताडून पाही, लिहिणाऱ्याचे आपल्याकडे जमा आहे की नाही ते वहीत बघे, मगच रोकड मोजून देई आणि शेवटी रोजकीर्दीत व खतावणीत नोंद करी. या क्रमात अदलाबदल झाली तर पेढी बुडण्याचीच वेळ. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वहीत केवळ नोंदी असत; कोणत्या क्रमाने काय करावयाचे हे ज्ञान मुनिमाच्या डोक्यात असे. वही मुकी आणि मुनीम बोलका!

आजच्या बँकेतील वही म्हणजे डेटाबेस. मग आजचा मुनीम कोठे बसतो? तो डेटाबेसच्या बाहेर, वेगळ्या प्रोग्रॅममध्ये बसावा, की डेटाबेसच्या आत? संगणकतज्ज्ञांमध्ये गेली तीन-साडेतीन दशके चाललेल्या या वादाचा आपल्या खात्यातील पैशाशी थेट संबंध आहे. म्हणूनच तांत्रिक असूनही हा विषय येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

काय हवे आणि कसे करावे

आपले खाते ज्या प्रकारच्या डेटाबेसमध्ये असते त्याला ‘रिलेशनल’ म्हणतात. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली. गंमत अशी की, त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच मोठ्या सामायिक ‘डेटा बँकां’चा उल्लेख आहे; तेथे ‘बँक’ या शब्दाचा अर्थ साठा एवढाच होता. कॉड यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सगळी माहिती ओळी व रकाने असलेल्या साध्या तक्त्यांत ठेवावी. खातेदारांचा एक तक्ता, खात्यांचा दुसरा, व्यवहारांचा तिसरा. तक्त्यांचा परस्परसंबंध खातेक्रमांकासारख्या समान रकान्यावरून जुळवावा आणि ती माहिती डिस्कवर नेमकी कोठे पडली आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये.

अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी आयबीएममध्येच १९७४ च्या सुमारास जी भाषा जन्मली तीच पुढे एसक्यूएल या नावाने प्रसिद्धीस आली. ‘ज्यांची शिल्लक एक हजारापेक्षा कमी आहे अशा सांगली शाखेतील बचत खात्यांचे क्रमांक द्या’ एवढे एसक्यूएलमध्ये सांगावे. तक्ता वरून खाली वाचावा की सूचीच्या आधारे नेमक्या ओळींवर जावे, हे डेटाबेस स्वतः ठरवितो. म्हणजे ही भाषा ‘काय हवे’ ते सांगते, ‘कसे करावे’ ते सांगत नाही. शाखा व्यवस्थापकाने शिपायाला ‘अमुक फाईल आणा’ म्हणावे आणि कोणत्या कपाटातून, हे शिपायावर सोपवावे, तसे हे आहे.

तथापि बँकेचे काम केवळ फाईल मागविण्याचे नसते. ‘आधी हे पाहा, ते बरोबर असेल तर असे करा, नसेल तर तसे करा, शेवटचे खाते येईपर्यंत हेच करीत राहा, मध्येच अडचण आली तर केलेले सारे रद्द करा’ अशी आपल्या कामाची तऱ्हा आहे. पायऱ्या, अटी आणि पुनरावृत्ती व्यक्त करणाऱ्या भाषांना ‘प्रोसीजरल’ म्हणजे कृतिक्रमाच्या भाषा म्हणतात. कोबोल, सी, पायथन या सर्व त्या कुळातल्या. मूळ एसक्यूएलमध्ये ही सोय नव्हती. म्हणून प्रारंभी सर्वत्र अशी विभागणी झाली की, वही आत आणि मुनीम बाहेर. बाहेरचा प्रोग्रॅम डेटाबेसला प्रश्न विचारी, उत्तर घेई, विचार करी आणि पुन्हा लिहिण्याचा हुकूम देई.

एक खाते, दोन हात

या विभागणीत धोका कोठे आहे ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. सांगलीच्या एका दांपत्याचे संयुक्त बचत खाते आहे, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचे. शिल्लक १०,००० रुपये. पती काशीयात्रेला गेले आहेत आणि शिंदे घाटावर तीर्थोपाध्यायांच्या मोबाईलवरील क्यूआर कोडवर यूपीआयने ८,००० रुपये देत आहेत. नेमक्या त्याच क्षणी पत्नी सांगलीत एटीएममधून ८,००० रुपये काढीत आहेत. यूपीआय २०१६ पासून आहे, एटीएम त्याहून कितीतरी जुने. दोहोंचे प्रोग्रॅम वेगवेगळे, बहुधा वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले.

पहिला प्रोग्रॅम शिल्लक विचारतो : १०,०००. दुसराही विचारतो : १०,०००. पहिला म्हणतो, पुरेसे आहेत. दुसराही तेच म्हणतो. पहिला वजाबाकी करून २,००० लिहितो. दुसऱ्याने आपली वजाबाकी आधीच करून ठेवली आहे. तोही २,००० लिहितो. खात्यातून १६,००० रुपये गेले आणि शिल्लक २,००० दिसते! आठ हजार रुपयांचा हा खड्डा कोणाच्या लबाडीने पडलेला नाही. पाहणे आणि लिहिणे या दोन कृतींच्या मध्ये जी फट राहिली, तिच्यातून पैसे गळाले.

यावर उपाय जुनाच आहे. एका कारकुनाने खतावणीचे पान उघडले की दुसऱ्याला ते पान मिळत नसे. डेटाबेसमध्येही ओळीला तसे कुलूप लावता येते आणि जमा व नावे ही दोन्ही टोके मिळून एकच व्यवहार आहे, झाला तर पुरा नाहीतर मुळीच नाही, असेही बजावता येते. हे बाहेरच्या प्रोग्रॅमलाही करता येते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु मग काउंटर, एटीएम, इंटरनेट बँकिंग, मोबाईल ॲप आणि यूपीआय अशा प्रत्येक वाटेने येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमने कुलूप लावण्याची आठवण ठेवली पाहिजे. पाचांपैकी एक विसरला तरी उरलेल्या चौघांची शिस्त फुकट.

त्याऐवजी ‘कुलूप लावा, शिल्लक तपासा, पुरेशी नसेल तर नकार द्या, असेल तर एकीकडे नावे टाका, दुसरीकडे जमा करा, नोंद लिहा’ हा सगळा क्रम एकदाच, डेटाबेसच्या आतच लिहून ठेवला आणि त्याला नाव दिले तर? मग बाहेरच्यांनी केवळ ते नाव घेऊन रक्कम व खातेक्रमांक सांगावयाचे. यालाच ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ म्हणतात. मुनीम वहीतच जाऊन बसला तो असा. (प्रत्यक्षात देणारा व घेणारा यांच्या बँका वेगळ्या असल्या तर दोन डेटाबेस आणि मध्ये एनपीसीआयची यंत्रणा असा लांबचा पल्ला पडतो; तूर्त एकाच बँकेपुरते पाहू.)

याला जोडूनच अधिकारांचा प्रश्न सुटतो. खात्यांच्या तक्त्यावर थेट लिहिण्याचा अधिकार कोणत्याच बाहेरच्या प्रोग्रॅमला न देता, फक्त ती प्रोसीजर चालविण्याचा अधिकार देता येतो. प्रोसीजर आपल्या मालकाच्या अधिकाराने तक्त्याला हात लावते. कॅशियरला तिजोरीची किल्ली न देताही पैसे देता-घेता येतात, तसेच काहीसे. ‘ट्रिगर’ नावाचा प्रकार तर याहून जागरूक : कोणी बोलावण्याची वाटही न पाहता, तक्त्यातील ओळ बदलली की तो आपोआप चालतो आणि कोणी, केव्हा, काय बदलले ते वेगळ्या तक्त्यात टिपून ठेवतो. लेखापरीक्षकांचा तो लाडका असतो.

मुंबईतले एक घर

ही सोय बाजारात आली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. सायबेस कंपनीने १९८७ मध्ये डेटाबेसच्या आत प्रोसीजर व ट्रिगर ठेवण्याची व्यवस्था दिली. ओरॅकलने १९८८ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर पीएल/एसक्यूएल ही भाषा आणली; तिचा घाट ‘एडा’ या जुन्या भाषेवर बेतलेला होता. मात्र या भाषेतील प्रोसीजर डेटाबेसमध्येच साठवून ठेवण्याची सोय १९९२ च्या सातव्या आवृत्तीत आली. या सगळ्यांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले ते १९९६ मध्ये. लग्न लागून गेल्यावर याद्या कराव्यात तसे! तोवर प्रत्येक कंपनीने आपापली बोली रुजविली होती.

आपल्याकडे १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला आणि शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते दिवस स्मरत असतील. तेव्हा प्रत्येक शाखेची वही निराळी होती. पुढे कोअर बँकिंग आले, शाखेचा ग्राहक बँकेचा ग्राहक झाला आणि सगळ्या वह्या एका डेटा सेंटरमध्ये एकत्र आल्या. डेटाबेसच्या आतल्या भाषेचे महत्त्व खऱ्या अर्थाने वाढले ते येथे.

याचे ठळक उदाहरण मुंबईतच घडले. सिटीकॉर्पची एक उपकंपनी मुंबईत बँकांसाठी सॉफ्टवेअर तयार करीत असे. ‘मायक्रोबँकर’नंतर तिने ‘फ्लेक्सक्यूब’ ही प्रणाली काढली. २००० मध्ये कंपनीने ‘आय-फ्लेक्स’ हे नाव घेतले. फ्लेक्सक्यूबचा फार मोठा भाग ओरॅकलच्या डेटाबेसवर, त्याच्या आतल्या पीएल/एसक्यूएलमध्ये लिहिलेला. व्याज, शुल्क, हप्ते यांचे नियम वहीच्या आतच. मुंबईत लिहिलेली ही प्रणाली जगातील अनेक देशांच्या बँकांनी घेतली. २००५ मध्ये ओरॅकलने सिटीग्रुपकडील हिस्सा विकत घेतला आणि २००८ मध्ये कंपनीचे नाव ‘ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर’ झाले. डेटाबेस विकणाऱ्यानेच त्या डेटाबेसमध्ये राहणारा मुनीमही घरी आणला, असे म्हणता येईल.

दहा तारखेचा नियम

आतल्या भाषेचा उपयोग कोठे सर्वांत अधिक जाणवतो, असे मला विचारले तर मी व्याजाकडे बोट दाखवीन. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरीपर्यंतच्या किमान शिल्लकेवर मिळत असे. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ते रोजच्या शिल्लकेवर मिळू लागले. या बदलाचे ग्राहकाच्या दृष्टीने मोल किती, ते आकड्यांतच पाहावे.

समजा, तीस दिवसांच्या महिन्यात खात्यात ५०,००० रुपये आहेत. १२ तारखेला मुलाच्या प्रवेशाचे ४५,००० रुपये काढले आणि तीनच दिवसांनी दुसरीकडून तेवढेच आणून भरले. तेव्हाचा दर साडेतीन टक्के. जुन्या नियमाने महिनाभराची किमान शिल्लक ५,००० धरली जाई आणि व्याज होई १४ रुपये ५८ पैसे. नव्या नियमाने २७ दिवस ५०,००० आणि ३ दिवस ५,००० मिळून गुणाकारांची बेरीज १३,६५,००० होते. तिला साडेतीनने गुणून ३६,५०० ने भागले की १३० रुपये ८९ पैसे. तीन दिवसांच्या निकडीसाठी पूर्वी जवळजवळ सगळ्या महिन्याचे व्याज जात होते!

जुना नियम एसक्यूएलला सोपा होता : एवढ्या तारखांतील सर्वांत लहान शिल्लक द्या. नव्या नियमात रोजची शिल्लक हवी, आणि तक्त्यात तर व्यवहार झाला त्याच दिवसाची ओळ असते. ज्या दिवशी काहीच घडले नाही त्या दिवशीची शिल्लक मागच्या ओळीवरून पुढे ओढावी लागते. म्हणजे व्यवहार तारखेच्या क्रमाने घ्यावयाचे, शिल्लक हातात धरावयाची, पुढचा व्यवहार कोणत्या तारखेचा ते पाहून मधल्या दिवसांनी गुणावयाचे आणि बेरजेत टाकावयाचे. जुन्या कारकुनांनी लेजरमधील ‘प्रॉडक्ट’चा रकाना भरताना हेच केले होते. हे काम कृतिक्रमाच्या भाषेला सहज जमते. (अलीकडच्या एसक्यूएलमध्येही याची सोय झाली आहे, पण पुढच्या अटी येताच तेथेही दमछाक होते.)

आणि अटी आल्याच. ३ मे २०११ रोजी दर साडेतीनचा चार टक्के झाला. म्हणजे एकाच सहामाहीत २ मेपर्यंत एक दर आणि पुढे दुसरा. २५ ऑक्टोबर २०११ पासून बचतीचे दर मुक्त झाले. एक लाखापर्यंतच्या शिल्लकेवर प्रत्येक बँकेने एकच दर द्यावा, त्यावरील रकमेसाठी निराळा दर ठेवता येईल, असे ठरले. प्रत्येक बदल म्हणजे नियमात एक नवे ‘जर’. हा नियम काउंटरच्या, मोबाईलच्या आणि विवरणपत्राच्या प्रोग्रॅममध्ये वेगवेगळा लिहिलेला असेल तर तीन ठिकाणी तीन व्याजे निघण्याची भीती. आत एकच असेल तर बदल एकाच जागी.

दुसरा लाभ वेगाचा. कोट्यवधी खात्यांचे व्याज काढताना प्रत्येक खात्याच्या सगळ्या ओळी बाहेरच्या यंत्रावर नेऊन उत्तर परत आणणे म्हणजे सगळ्या खतावण्या टांग्यात घालून व्याज काढण्यासाठी घरी नेण्यासारखे आहे. आत बसलेली प्रोसीजर जागच्या जागी काम उरकते.

नवी भाषा शिकविता येते काय?

ओरॅकलने आपली एक भाषा दिली. परंतु एखाद्या डेटाबेसला हव्या त्या भाषा शिकविता आल्या तर? हा विचार सर्वांत धीटपणे केला तो पोस्टग्रेसच्या कर्त्यांनी. १९८६ मध्ये बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी हा प्रकल्प हाती घेतला. डेटाबेस नव्या प्रकारांनी विस्तारता आला पाहिजे, हे त्याचे ब्रीद. १९९६ पासून पोस्टग्रेसएसक्यूएल या नावाने तो मुक्त सॉफ्टवेअर म्हणून वाढत आहे, आणि कोणतीही कंपनी त्याची मालक नाही.

त्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. पोस्टग्रेसएसक्यूएलचा गाभा एसक्यूएल आणि सी यांखेरीज कोणतीही भाषा स्वतः जाणत नाही. त्याच्याकडे भाषांची एक नोंदवही आहे. प्रत्येक भाषेपुढे तिच्या दुभाष्याचे नाव लिहिलेले असते. हा दुभाषी म्हणजे बहुधा सी भाषेत लिहिलेले एक फंक्शन. आपण पायथनमध्ये प्रोसीजर लिहिली की डेटाबेस तो मजकूर जसाच्या तसा साठवून ठेवतो. ती चालविण्याची वेळ आली की मजकूर आणि खातेक्रमांक, रक्कम इत्यादी किमती दुभाष्याच्या हाती देतो आणि उत्तराची वाट पाहतो. दुभाष्याच्या जोडीला तपासनीसही नेमता येतो. तो मजकूर साठविण्यापूर्वीच त्यातील व्याकरणाच्या चुका दाखवितो. अशा रीतीने टीसीएल, पर्ल, पायथन आणि स्वतःची पीएल/पीजीएसक्यूएल या भाषा आल्या. यांपैकी शेवटची १९९८ मध्ये ६.४ या आवृत्तीत दाखल झाली आणि २०१० च्या ९.० आवृत्तीपासून ती मुळातच बसविलेली मिळते.

भाषा नोंदविताना एक निर्णय करावा लागतो, आणि बँकेच्या माणसाला तो लगेच कळेल : ही भाषा ‘विश्वसनीय’ की नाही? विश्वसनीय भाषेतील प्रोसीजरला डेटाबेसच्या बाहेर हात पोचविता येत नाही; ना फाईल उघडता येते, ना नेटवर्कवर संदेश पाठविता येतो. म्हणून ती सामान्य वापरकर्त्यालाही निर्धास्तपणे वापरू द्यावी. जी भाषा अशी कोंडता येत नाही ती ‘अविश्वसनीय’, आणि तिच्यात प्रोसीजर लिहिण्याचा अधिकार केवळ सर्वोच्च प्रशासकाला. पर्लची दोन्ही रूपे आहेत. पायथनला मात्र खात्रीने कोंडण्याचा उपाय न सापडल्यामुळे ती अविश्वसनीय रूपातच मिळते. एवढी लोकप्रिय भाषा, पण तिजोरीच्या खोलीत एकटीला सोडत नाहीत! मला स्वतःला हा निर्णय फार सुज्ञपणाचा वाटतो.

दुभाषी आला की भाषांतराचे दोषही आलेच. पैशाच्या बाबतीत हा मुद्दा नाजूक आहे. पैसे दशमान पद्धतीने मोजलेले हवेत. डेटाबेसमध्ये त्यासाठी खास संख्याप्रकार असतो. परंतु पुष्कळ प्रोग्रॅमिंग भाषा अपूर्णांक द्विमान पद्धतीने ठेवतात, आणि एक तृतीयांश जसा दशांशात कधीच संपत नाही, तसे दहा पैसे द्विमानात कधीच संपत नाहीत. दहा वेळा दहा पैसे मिळविले तर अशा गणनेत पुरता एक रुपया होत नाही, किंचित कमी भरतो. पोस्टग्रेसएसक्यूएलमधील पायथनचा दुभाषी पूर्वी दशमान रकमा याच द्विमान रूपात बदलून देई. २०१४ मधील ९.४ या आवृत्तीपासून तो त्यांना पायथनच्या दशमान प्रकारातच देतो. पैशापैशाचा ताळा जुळविण्यासाठी रात्री जागविलेल्या कोणाही बँक कर्मचाऱ्याला या एका ओळीच्या सुधारणेचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

आणखी एक धोका चेकच्या उदाहरणाने चटकन समजतो. चेकवर रकमेपूर्वी मोकळी जागा सोडू नये असे आपण ग्राहकांना सांगतो, कारण तेथे कोणीही आकडा वाढवू शकतो. प्रोसीजर लिहिताना एसक्यूएलचे वाक्य आणि ग्राहकाने टंकलेला मजकूर एकमेकांना चिकटवून हुकूम तयार केला, तर तीच मोकळी जागा राहते. नावाच्या रकान्यात नावाऐवजी हुकूमच लिहून चोर आत शिरतो. मजकूर वेगळ्या चौकटीत, केवळ किंमत म्हणून पाठविला तर हा मार्ग बंद होतो. प्रोसीजर आत आहे एवढ्यावर ती सुरक्षित ठरत नाही, हे येथे ठासून सांगावेसे वाटते.

भार किती घालावा

शिंदे घाटाच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. ते एका बाजूस कललेले आहे आणि वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात किंवा गाळात असतो. आईचे ऋण फिटले असे मुलाने म्हणताच मंदिर कलले, अशी लोककथा सांगतात. घाटाबद्दल मात्र नोंद अशी, की त्याच्या दगडी बांधकामाचा भार खालच्या भूमीला सोसला नाही आणि तो खचला. पुढे त्याचे पुन्हा बांधकाम करावे लागले.

आतल्या भाषांवर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप याच जातीचा आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी एकाची दहा यंत्रे करता येतात. डेटाबेस मात्र, निदान लिहिण्यापुरता, सामान्यतः एकच असतो. व्याज, विवरणपत्रे, संदेश, अहवाल असे सारे त्याच्याच माथी मारले तर गर्दीच्या वेळी साधी शिल्लक दाखवायलाही त्याला उसंत राहत नाही. माझ्या मते रेषा अशी आखावी : ज्या नियमाच्या भंगाने पैसा चुकेल तो आत, आणि ज्याच्या विलंबाने केवळ खोळंबा होईल ते बाहेर. शिल्लक, कुलूप, जमा-नावे, व्याज आत असावे. शुभेच्छापत्रे आणि रंगीत आलेख बाहेर. सगळेच तज्ज्ञ याला मान्यता देतील असे नाही. काहीजण डेटाबेस केवळ वही म्हणून ठेवण्याच्या बाजूचे आहेत, कारण आत दडलेले नियम पुढच्या पिढीला सापडत नाहीत असा त्यांचा अनुभव. तोही खोटा नाही.

दुसरा आक्षेप बांधिलकीचा. पीएल/एसक्यूएलमध्ये लाखो ओळी लिहिल्या की ओरॅकल सोडणे म्हणजे मुनिमासह पेढी हलविणे. तरीही परवान्यांचा खर्च पाहता अनेक संस्था पोस्टग्रेसएसक्यूएलकडे वळतात. या स्थलांतरासाठी २००४ मध्ये स्थापन झालेल्या एंटरप्राइझडीबी या कंपनीने पोस्टग्रेसएसक्यूएलमध्ये आणखी एक भाषा घातली : एसपीएल. ती पीएल/एसक्यूएलशी मिळतीजुळती आहे, जेणेकरून जुन्या प्रोसीजर फारशा न बदलता चालाव्यात. या कंपनीचे एक मोठे केंद्र पुण्यात आहे.

असे स्थलांतर वरवर पाहता केवळ भाषेचे वाटते. प्रत्यक्षात अडते ते बारीक गोष्टींत. ओरॅकलच्या तारखेत वेळही दडलेली असते, पोस्टग्रेसएसक्यूएलच्या तारखेत नसते. तेव्हा ‘आजच्या तारखेपर्यंतचे व्यवहार’ या अटीचा अर्थ दोन्हीकडे निराळा होतो. त्याहून मासलेवाईक उदाहरण नावाचे. आपल्याकडे नाव तीन रकान्यांत लिहितात : स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे, आणि आडनाव. पासबुकावर छापण्यासाठी प्रोसीजर हे तिन्ही जोडते. एखाद्या खातेदाराने मधले नाव दिलेच नसेल तर ओरॅकल तो रिकामा रकाना सोडून उरलेली दोन जोडतो. पोस्टग्रेसएसक्यूएलच्या लेखी मात्र अज्ञात गोष्टीशी जोडलेले सारेच अज्ञात. त्यामुळे तीच प्रोसीजर, अक्षरही न बदलता, तेथे नावाच्या जागी कोरी ओळ छापते. एंटरप्राइझडीबीने आपल्या डेटाबेसमध्ये या दोन्ही बाबतींत ओरॅकलसारखे वागण्यासाठी स्वतंत्र खटके ठेवले आहेत. शुद्ध पोस्टग्रेसएसक्यूएल वापरणाऱ्याने नाव जोडणारी प्रत्येक ओळ शोधून रिकाम्या रकान्याची सोय हाताने लावावी, आणि चाचणीसाठी निवडलेल्या खात्यांत मधले नाव नसलेली दहा-वीस खाती मुद्दाम ठेवावीत.